डोंबिवली, तिसरा मजला, घरी दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाई: लॅब, हस्की की जिन्याखालचं गावठी पिल्लू?

कोपऱ्यातली_खिडकी

नमस्कार मंडळी. कुत्रा आणायचा हे घरात ठरलंय, पण कुठला आणि कधी यावर गाडी अडलीय.

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर, लिफ्ट आहे, ग्रिल लावलेली छोटी बाल्कनी आहे. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो, लोकलचा प्रवास धरून यायला साडेसात होतात. सासूबाई घरी असतात. वय ६८, दोन्ही गुडघे दुखरे, वाकता येत नाही. आठवड्यातून दोनदा त्या फिजिओथेरपीला जातात तेव्हा घर तीन तास रिकामं असतं. मुलगी नऊ वर्षांची, तिला हस्की हवाय. नवऱ्याला लॅब (लॅब्राडोर). एका ब्रीडरकडे लॅबची ३५ दिवसांची पिल्लं आहेत, "आत्ताच न्या, लळा लवकर लागतो" म्हणतो. आणि आमच्याच सोसायटीत जिन्याखाली कुत्री व्यायली होती, तिची तीन पिल्लं आता साधारण दोन महिन्यांची आहेत.

घरात अंडी चालतात, मांस शिजत नाही. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. आत्ता आणावं की दिवाळीनंतर? आणि कुठलं?

तांबूस_कान

ताई, ३५ दिवसांचं पिल्लू आधी यादीतून काढा. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांसोबत खेळताना दात किती जोरात लावायचा ते शिकतं. जोरात चावलं की भावंड किंचाळतं आणि खेळ मोडतो, आई उठून निघून जाते. दिवसातून पन्नास वेळा हे होतं. माणसाच्या घरात हा धडा तितका नीट कधीच होत नाही, आणि त्याची किंमत मुलीच्या मनगटांना मोजावी लागते. शिवाय २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा, पिल्लांची आई बघायची आहे म्हणून सांगा. "आई गावाला आहे", "दुसऱ्या शेडमध्ये आहे" असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा.

हस्की नको, आणि मुलीला याचं खरं कारण सांगा, तिला कळेल. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना आणि तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करून बाहेर टाकतो. हवा दमट असली की वाफ नीट होत नाही. तुमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, त्याच कारणाने हस्कीही थंड होत नाही. एसीत ठेवला तरी त्याला रोज दीड-दोन तास जीव तोडून पळायला लागतं, ते कुठे पळवणार? आणि केस भादरून उपयोग नाही, उलट ऊन थेट कातडीवर येतं.

लॅब चांगला कुत्रा आहे, पण तुमच्या घरात अडचण सासूबाईंच्या गुडघ्यांची आहे. आठ महिन्यांचा लॅब २५ किलोचा होतो आणि अक्कल मात्र पिल्लाची असते. ती यायला दोन वर्षं लागतात. बेल वाजली की तो दाराकडे धावतो, मध्ये कोण उभं आहे हे बघत नाही. गुळगुळीत फरशी आणि न वाकणारे गुडघे यांच्या जोडीला हे नको. शिवाय लॅब सतत भुकेला असतो. या जातीच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत पोट भरल्याची जाणीव कमी करणारा जनुकीय बदल असतो. घरी बसून असलेली मायाळू आजी आणि भुकेला लॅब एकत्र आले की दोन वर्षांत कुत्रा ४० किलोचा आणि मागचे पाय कामातून गेलेले, हे नेहमीचं चित्र आहे.

माझं मत विचाराल तर पहिली पसंती दीड-दोन वर्षांची, नसबंदी झालेली, कुणाच्या तरी घरी फॉस्टरमध्ये (तात्पुरत्या सांभाळात) राहिलेली गावठी कुत्री. तिचं वजन १५ ते १८ किलो, स्वभाव समोर दिसतो, शी-शूची सवय झालेली असते, आणि ज्या वयात कुत्रं घरभर धुमाकूळ घालतं ते वय ओलांडलेलं असतं. "मोठा कुत्रा लळा लावत नाही" हा गैरसमज आहे. पहिले तीन आठवडे तो बुजून राहतो, तिसऱ्या महिन्यात घरचा होतो.

पिल्लूच हवं असेल तर जिन्याखालचं बघा, पण डोळे उघडे ठेवून. आधी पिल्लांची आई बघा. अनोळखी माणूस चार फुटांवर बसला तर ती काय करते? शेपटी खाली घालून का होईना जवळ येऊन हुंगते, की दात दाखवते, की पळूनच जाते? आईचा भित्रेपणा पिल्लांत रक्तातूनही येतो आणि बघूनही. मग पिल्लापासून पाच-सहा फुटांवर किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाका. दचकणं ठीक आहे. दचकून पाच-दहा सेकंदांत जुडगा हुंगायला येतं ते पिल्लू तुमचं. कोपऱ्यात जाऊन मिनिटभर बाहेरच येत नाही ते पिल्लू गोड असलं तरी त्याला शांत, अनुभवी घर लागतं. सगळ्यांच्या अंगावर उड्या मारून पुढे येणारंही सासूबाईंसाठी नको. मधलं घ्या.

तब्येत अशी बघा: ओठ वर करून हिरडी गुलाबी आहे का, फिकट असेल तर जंत किंवा गोचिडांमुळे रक्त कमी. पोट ढोलकीसारखं आणि बरगड्या दिसतायत म्हणजे जंत. डोळ्याला पिवळी चिपडं आणि नाक वाहतंय तर त्या दिवशी उचलूच नका, डॉक्टरांना दाखवा, कारण डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची सुरुवात तशीच असते.

छोटा_दवाखाना

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत. आता पावसाचं बोलू.

पावसाळ्यात पिल्लू आणू नये असं नाही, पण तीन गोष्टींची तयारी हवी: पार्व्हो (पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा विषाणू), लेप्टो (घाण पाण्यातून होणारा संसर्ग) आणि गोचीड.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांना सुरू होतं आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, वय १६ आठवडे होईपर्यंत. तीच लस परत परत का, असं लोक विचारतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात असते तोवर ती लशीलाच निकामी करते. ती कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, कुणात आठव्या आठवड्यात, कुणात पंधराव्या. म्हणून शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आसपास हवाच. "दोन इंजेक्शनं झाली, आता पुरे" म्हणून थांबलेली पिल्लं चौथ्या महिन्यात पार्व्होने दगावतात. रेबीजची लस तीन महिन्यांना, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, पुढे दरवर्षी. लशीच्या पुस्तिकेवर बाटलीचं स्टिकर लावून घ्या, नुसती सही नको.

लेप्टो वेगळा विचारा. प्रत्येक मिश्र लशीत तो असतोच असं नाही. उंदराचं मूत्र मिसळलेल्या साचलेल्या पाण्यातून तो येतो, कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड धरतो, आणि माणसालाही होतो. तुमच्याकडे जुलैत रस्त्यावर पाणी तुंबतं, म्हणजे ही लस ऐच्छिक नाही. दोन डोस, मग दरवर्षी.

जंताचं औषध दोन महिन्यांच्या पिल्लाला लगेच, मग पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर दर महिन्याला, सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी. वजन करूनच डोस. स्वयंपाकघरातला काटा चालतो, पिल्लू पातेल्यात बसवा आणि पातेल्याचं वजन वजा करा.

पार्व्होबद्दल एक महत्त्वाचं: तो विषाणू फिनेलने मरेल याचा भरवसा नाही. जमिनीत महिनोन् महिने टिकतो. सोसायटीत गेल्या वर्षभरात एखादं पिल्लू रक्ताची हगवण लागून गेलं असेल तर तो जिना आणि आवार दूषित समजा. फरशी आधी साबणाने धुऊन घ्या, मग एक लिटर पाण्यात ३५ मिली घरगुती ब्लीच, दहा मिनिटं तसंच ठेवून मग स्वच्छ पाण्याने पुसा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पिल्लाने दोन वेळचं खाणं नाकारलं, उलटी झाली आणि शीला सडका वास येतोय, एवढं झालं की सकाळची वाट बघू नका. पिल्लाच्या अंगात पाणी फार थोडं असतं, तेवढ्या वेळात ते हातातून जातं.

आणि रस्त्यावरचं पिल्लू आहे म्हणून हेही सांगतो: खेळताना त्याचा दात लागून मुलीच्या हातातून रक्त आलं, तर साबण आणि वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना काही लावू नका, पट्टी करू नका आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. पिल्लू "अजून लहानच आहे" म्हणून रेबीज होत नाही असं नाही.

जिना_उतरणारी

एका गोष्टीची भर. लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर काढू नका असं सगळे सांगतात आणि लोक १६ आठवडे दार बंद ठेवतात. पण पिल्लाचं मन जगाला सरावतं ते तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. नंतर ते दार जवळजवळ मिटतं. म्हणून जमिनीवर ठेवायचं नाही, पण काखेत घेऊन रोज वीस मिनिटं बाहेर न्यायचं. रिक्षा, भाजीवाला, हेल्मेटवाला, छत्री उघडताना, रेनकोट घातलेला माणूस, शाळेची व्हॅन, स्टेशनबाहेरची गर्दी लांबून. प्रत्येक नवीन गोष्ट दिसली की तोंडात खाऊचा दाणा. गावठी पिल्लू तीन महिने फ्लॅटमध्ये कोंडलं की सहाव्या महिन्यात अनोळखी माणसावर भुंकायला लागतं, मग लोक जातीला दोष देतात.

शी-शूची सवय: तुमच्याकडे दुपारी खाली नेणारं कुणी नाही, म्हणून बाल्कनीत ट्रे ठेवावाच लागेल. दोन फूट बाय तीन फूट, कडा इंचभर, वर कृत्रिम हिरवळ किंवा वर्तमानपत्र. पिल्लाला महिन्यांच्या वयात एक मिळवा, साधारण तेवढे तास ते धरू शकतं. दोन महिन्यांचं म्हणजे फार तर तीन तास, आणि जागं असताना तेवढंही नाही. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, खेळ संपल्यावर, या तीन वेळा ट्रेवर न्यायचंच. झालं की तिथेच, तीन सेकंदांच्या आत खाऊ. आत येऊन डब्यातून काढून दिलात तर त्याला कळतं की आत आल्याचा खाऊ मिळतो.

फरशीवर झालं तर नाक घासणं, ओरडणं काही नाही. ओरडा खाल्लेलं पिल्लू शू थांबवत नाही, फक्त तुमच्यासमोर करायचं टाळतं आणि सोफ्यामागे करतं. टिपून घ्या, एंझाइमचा क्लीनर मारा. फिनेलचा वास माणसाला स्वच्छ वाटतो, पण खालचा शूचा वास कुत्र्याच्या नाकाला तसाच येत राहतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. वर फिनेलची ओली फरशी चालून मग ते पंजे चाटतं.

सासूबाईंसाठी दोन साध्या गोष्टी. पिल्लाच्या पट्ट्याला एक छोटं घुंगरू बांधा, पायाशी आलंय हे न बघता कळतं. आणि स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते अडीच फुटी फाटक लावा. गरम भांडं हातात असताना पिल्लू पायांत येणं हा घरातला सगळ्यात मोठा धोका आहे. जेवणाचं भांडं भिंतीलगत कमरेच्या उंचीच्या स्टुलावर भरून ठेवलं की खाली ठेवायचं काम मुलगी शाळेतून आल्यावर करेल, त्यांना वाकायला नको.

लातूरचा_वारा

देशी जातीचा विषय कुणी काढला नाही म्हणून थोडक्यात. कारवान आणि पश्मी आमच्या लातूर-नांदेडकडचे, मुधोळ सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातले. मुधोळवर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघालं. पण हे शिकारी कुत्रे आहेत, नजरेने सावज धरून सरळ रेषेत सुटतात. मांजर दिसलं की मालकाचा आवाज त्यांच्या कानात शिरत नाही. रान नसलेल्या ठिकाणी, कारण नसताना नेऊ नका. तुमच्या घराला गावठीच बरी.

कोपऱ्यातली_खिडकी

एवढं सगळं लिहिलंत, फार आभार. रात्री सगळ्यांना वाचून दाखवलं. हस्कीचा हट्ट सुटला (वाफेचं उदाहरण मुलीला पटलं!). मोठी कुत्री की जिन्याखालचं मधलं पिल्लू एवढंच उरलंय. तीन शंका:

एक, खाणं. सासूबाई म्हणतात, दूध-पोळीवर गावातली कुत्री वाढतात, मग पिल्लू का नाही?
दोन, ते फिजिओथेरपीचे तीन तास.
तीन, सोसायटीच्या सचिवांनी सहज बोलताना सांगितलं की कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही आणि महिन्याला जास्तीचा मेंटेनन्स पडेल. हे खरं आहे का?

वाटीभर_दही

खाण्याचं मी सांगते, शाकाहारी घरांत हा प्रश्न नेहमी येतो.

गावातली कुत्री दूध-पोळीवर वाढत नाहीत, दूध-पोळी खाऊन उरलेलं बाहेर मिळवतात: घूस, उंदीर, हाडकं, कोंबडीची आतडी. फ्लॅटमधल्या पिल्लाला ती सोय नाही. नुसत्या दूध-पोळीत प्रथिनं कमी पडतात, कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गणित बिघडतं, आणि बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, शी पातळ होते. तीन-चार महिन्यांत पुढचे पाय बाहेर वाकलेले आणि पंजे सपाट पसरलेले दिसले की समजायचं, हाडं मऊ राहिली.

वाढीच्या वयात घरात मांस शिजवायचं नसेल तर सोपा मार्ग म्हणजे "पिल्लांसाठी संपूर्ण आहार" असं पिशवीवर स्पष्ट लिहिलेलं कोरडं खाणं. दिवसाच्या खाण्यातला नव्वद टक्के भाग तोच आणि उरलेला दहा टक्के घरचा. चार किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. शंभर ग्रॅममध्ये ३८० कॅलरी असलेलं खाणं घेतलंत तर दीडशे ग्रॅम, चार वेळांत वाटून. चार महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. पिशवीवरचा तक्ता सुरुवातीला धरा, मग हाताने बघा: बरगड्यांवरून बोटं फिरवली की त्या दाबल्याशिवाय लागाव्यात, पण डोळ्यांनी दिसू नयेत. लागतच नसतील तर दहा टक्के कमी करा.

घरचा दहा टक्के म्हणजे उकडलेलं अंडं, दोन चमचे ताक किंवा दही, उकडलेला लाल भोपळा, गाजर, थोडा भात. मीठ-फोडणी नाही. तयार खाणं चालू असताना कॅल्शियमचं सिरप वर देऊ नका. औषधाच्या दुकानात ते सर्रास हातात ठेवतात, पण जास्तीचं कॅल्शियम वाढत्या हाडांना, विशेषतः मोठ्या जातींच्या, नुकसान करतं.

मोठी कुत्री आणलीत, समजा १८ किलोची, तर तिला दिवसाला हजारच्या आसपास कॅलरी, म्हणजे त्याच खाण्याचे अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅम दोन वेळांत. मोठ्या कुत्र्याला पूर्ण शाकाहारी तयार खाण्यावरही ठेवता येतं, पण मग दर सहा महिन्यांनी रक्त तपासा. निव्वळ घरचा शाकाहारी स्वयंपाक हवा असेल तर डॉक्टरांकडून खनिज-जीवनसत्त्वांची भर लिहून घ्यावीच लागते, नुसत्या वरण-भाताने भागत नाही.

आणि ही यादी सासूबाईंना मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावून द्या, कारण दुपारभर त्या एकट्या असणार: कांदा-लसूण (म्हणजे भाजी-आमटीचा रस्साही नाही), मनुका-बेदाणे-द्राक्षं, चॉकलेट, शुगर-फ्री गोळ्या आणि च्युइंगम. लक्षात घ्या, प्रसादाच्या शिऱ्यात आणि लाडवात बेदाणे असतात. आणि माणसांची तापाची-दुखण्याची गोळी कधीच नाही. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्याला घातक आहेत. गुडघेदुखीच्या गोळ्या उशाशी असतात, त्या बंद डब्यात वरच्या कप्प्यात ठेवा.

जिना_उतरणारी

तीन तासांचं: एकदम तीन तास सोडून गेलात तर पिल्लू रडून दार ओरबाडणार. पहिल्या आठवड्यात तीस सेकंद दाराबाहेर, मग दोन मिनिटं, मग पाच, दहा, वीस. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी वेगळा कालावधी, आणि जाता-येता लाडाचे निरोप नाहीत. रडायला लागलं तर समजा पायरी मोठी झाली, एक पाऊल मागे या. चाळीस मिनिटं शांत राहिलं की पुढचा वेळ झपाट्याने वाढतो, कारण बहुतेक गोंधळ पहिल्या अर्ध्या तासातच असतो. जाताना पोकळ रबरी खेळण्यात भिजवलेलं खाणं भरून फ्रीझरमध्ये गोठवलेलं द्या, वीस-पंचवीस मिनिटं चाटत बसतं. पहिला दीड महिना त्या दोन दिवशी शेजारी कुणीतरी दीड तासाने डोकावून ट्रेवर नेईल अशी सोय बघा. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला सलग तीन तास कोंडणं त्याच्या मूत्राशयालाही झेपणार नाही.

मोठी कुत्री असेल तर हेच सगळं, पण आठवड्याभरात उरकतं.

सोसायटीची_फाईल

सचिवांचं म्हणणं बरोबर नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये जी मार्गदर्शक सूचना काढली तिच्यात स्पष्ट आहे: सोसायटी बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, आकारावरून भेद करू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसे मागू शकत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा बंदीच्या उपविधी बेकायदा ठरवल्या आहेत. पण भांडायला जाऊ नका. महापालिकेचा परवाना काढा (रेबीज लशीचा दाखला लागतो), परवाना आणि लशीच्या पानाची प्रत सोबत जोडून सचिवांना साधं पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात लिहा की आवारात कुत्रा पट्ट्यावरच असेल आणि घाण आम्ही उचलू. मग खरंच उचला. नव्वद टक्के तक्रारी तिथेच मिटतात.

लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, मनगटाला गुंडाळू नका. कुत्रा आत, तुम्ही आत, पूर्ण पट्टा आत, मगच बटण. दारात पट्टा अडकून कुत्र्याला फास बसू शकतो.

छोटा_दवाखाना

गोचिडांचं मी वर म्हटलं आणि राहूनच गेलं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तुमच्याकडे हाच खरा त्रास.

आपल्याकडची तपकिरी गोचीड आयुष्यातला थोडाच वेळ कुत्र्यावर असते. रक्त पिऊन वाटाण्याएवढी राखाडी झालेली मादी खाली पडते, भिंतीवर वर चढत जाते आणि फटीत, स्विचबोर्डच्या मागे, पडद्याच्या शिवणीत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याला कितीही आंघोळ घातली तरी आठवड्याने पुन्हा गोचिडी. उपाय दोन्हीकडे करावा लागतो. कुत्र्याला तोंडातून द्यायची गोळी (आठ आठवड्यांनंतर, दोन किलोच्या वर वजन असेल तर, फिटचा इतिहास नसेल तर) किंवा मानेवर टाकायचं औषध. औषध टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. घरात फटी सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा, बिछान्याचं कापड दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. ॲमिट्राझ या गोचीडनाशकाचं पाणी पिल्लाला लावू नका, चाटलं तर सुस्त पडतं.

रोज रात्री दोन मिनिटं बोटांनी शोधा: कानाच्या आतल्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या खाली आणि पंजाच्या बोटांमध्ये. पावसाळ्यात निम्म्या गोचिडी बोटांच्या बेचक्यातच सापडतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. नखाने चिरडू नका. आधी तेल-रॉकेल ओतूनही उपयोग नाही.

सुस्ती, ताप, खाणं बंद, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा चहासारखी गडद शू, यातलं काहीही दिसलं तर गोचीडताप धरून त्याच दिवशी रक्त तपासा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणून घाबरू नका, थर्मामीटर लावा. एर्लिकियाचं (गोचीडतापाचा एक प्रकार) औषध २८ दिवसांचं असतं. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात, मग महिन्याभरात तो परत तसाच येतो.

तांबूस_कान

"आत्ता की दिवाळीनंतर" याचं उत्तर राहिलं. मोठी कुत्री आणणार असाल तर कधीही, फक्त गणपती आणि दिवाळीच्या आधीचा महिना टाळा. नवं घर आणि आवाज दोन्ही एकदम अंगावर येतात. पिल्लू आणणार असाल तर आत्ताच आणा, कारण जिन्याखालची पिल्लं पावसात तिथेच राहिली तर दिवाळीपर्यंत त्यातलं एखादंच उरेल, आणि सरावाचे आठवडेही निघून जातील.

जूनमध्ये दोन महिन्यांचं असलेलं पिल्लू गणपतीला पाचेक महिन्यांचं होतं. आल्या आठवड्यापासूनच मोबाइलवर ढोल-ताशा आणि फटाक्यांचा आवाज लावायला सुरुवात करा. सगळ्यात कमी आवाज, जेवणाच्या वेळी, पाच मिनिटं. कान टवकारून पुन्हा खायला लागलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आवाज एक घर वर. खाणं सोडलं तर दोन घरं खाली. घाई केलीत तर उलटच होतं, पिल्लू आवाजाला आणि जेवणाच्या भांड्याला, दोन्हीला बिचकायला लागतं.

आणि मधलं पिल्लू उचलाल तेव्हा आईने ज्यावर झोपवलं होतं ते गोणपाटाचं फडकं सोबत आणा. धुऊ नका. पहिल्या तीन रात्री ते त्याच्या टोपलीत आणि टोपली तुमच्या पलंगाशेजारी, स्वयंपाकघरात नाही. रात्री कुरकुरलं की हात खाली सोडा, आणि तीनच्या सुमाराला एकदा ट्रेवर न्या. त्याच दिवशी उरलेल्या दोघांसाठी आणि त्यांच्या आईच्या नसबंदीसाठी जवळच्या प्राणीमित्र संस्थेला फोन लावा, नाहीतर सहा-आठ महिन्यांनी जिन्याखाली नवी सहा पिल्लं असतील.

कोपऱ्यातली_खिडकी

ठरलं, जिन्याखालचंच. मुलीने किल्ल्या टाकून बघितल्या. तपकिरी कानाची मादी आठ सेकंदांत जुडगा चाटायला आली. रविवारी सकाळी डॉक्टर, मग घरी. ट्रे आणि फाटक मागवलंय, घुंगरू सासूबाईंनीच काढून ठेवलंय.

मादीची नसबंदी कोणत्या महिन्यात करायची?

छोटा_दवाखाना

गावठी मादी साधारण सहा ते बारा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते. सगळ्या लशी झाल्यावर, सहाव्या महिन्याच्या आसपास वजन आणि रक्त बघून तारीख घ्या. पहिल्या माजाआधी केली तर पुढे स्तनांच्या गाठींची शक्यता खूप कमी होते, आणि गर्भाशय काढल्यामुळे त्यात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. ती माजावर आलीच तर मात्र घाई नको, रक्तस्राव थांबल्यावर दोन-तीन महिने थांबा. त्या काळात पट्टा सोडू नका आणि बाल्कनीचं ग्रिल तपासा, त्यातून डोकं जाईल एवढी फट असेल तर जाळी लावून घ्या. खरं तर जाळी रविवारच्या आधीच लावा.